३४ इंचांचा घोडा

अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशनच्या नोंदवहीत नाव लागायचं असेल, तर घोड्याची उंची ३४ इंचांच्या वर जाता कामा नये. मोजण्याची रीतही त्यांची स्वतःची आहे. इतर घोड्यांची उंची मान आणि पाठ जिथे मिळते, त्या खांद्यावरच्या उंचवट्यापाशी घेतात. इथे पट्टी टेकते ती आयाळीचा शेवटचा केस जिथे संपतो तिथे. असा घोडा मोठ्या माणसाच्या कंबरेलाही धड पोचत नाही. वजन बहुधा ७० ते ११० किलोंच्या दरम्यान. शेपूट, आयाळ, खूर, खिंकाळणं, सगळं घोड्याचंच, पण समोर उभा राहिला की हात आपोआप त्याच्या डोक्यावर जातो. घोड्याच्या डोक्यावर हात ठेवायला माणसाला एरवी वर बघावं लागतं. इथे वाकावं लागतं. तिथूनच आपली फसगत सुरू होते आणि ती थांबवण्यासाठी हे पुस्तक लिहिलं आहे.

लेखिका अमेरिकेत घोड्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्य आहेत. शर्यतीच्या आणि रपेटीच्या घोड्यांच्या तबेल्यांत त्यांची उमेदीची वर्षं गेली. अलीकडे त्यांना वेगळ्या घरांतून फोन येऊ लागले. टेक्सास, ओहायो, पेनसिल्व्हेनिया, नॉर्थ कॅरोलायना अशा राज्यांत शहराबाहेर दोन-तीन एकर जागा घेऊन राहणारी मराठी कुटुंबं. कुत्रा झाला, मांजर झालं, आता मुलीला घोडा हवा. मोठा घोडा परवडायचा नाही आणि भीतीही वाटते, म्हणून मिनी. (अमेरिकेत सगळे त्याला मिनीच म्हणतात, मीही तेच म्हणते.) अशा घरात सांगलीहून किंवा पुण्याहून सहा महिन्यांसाठी आजी येते. गाईला घास देऊन मग पानावर बसणाऱ्या घरात ती वाढलेली. रोज सकाळी ती कुंपणापाशी जाते, पोळीचा तुकडा आणि गुळाचा खडा तळहातावर धरते आणि घोडा तो हळूच उचलतो. त्या क्षणी दोघांनाही फार बरं वाटत असतं. ती पोळी आणि तो गूळ त्या घोड्याच्या खुरांपर्यंत कसा पोचतो, हे आजीला तिच्या भाषेत सांगणारं काही आजवर नव्हतं. इंग्रजीत या विषयावर चांगली पुस्तकं आहेत, पण ती आजीच्या हातात पडत नाहीत, आणि बऱ्याच घरांत घोड्याला दिवसभर काय काय मिळतं ते तीच ठरवत असते.

मिनी आला कुठून, हे पहिल्या प्रकरणात सविस्तर आहे. मी त्यातला एक धागा उचलते. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलँड बेटं आहेत. झाडं फार थोडी, वारा अखंड, गवत बेताचं. थोडक्यात भागवायची सवय तिथल्या तट्टांच्या अंगात पिढ्यान् पिढ्या मुरली. १८४२ साली ब्रिटनमध्ये खाणींचा कायदा झाला आणि बायकांना व दहा वर्षांखालच्या मुलांना जमिनीखाली कामाला लावण्यावर बंदी आली. माणसांची पोरं ज्या बुटक्या बोगद्यांतून कोळसा ओढत होती, तिथे मग तट्टं उतरवली गेली. जितकं ठेंगणं आणि दणकट, तितकं कामाचं. पुढे ती अमेरिकेच्या ॲपलाचियन भागातल्या खाणींतही आली. तट्टं वापरणारी अमेरिकेतली शेवटची खाण आयोवात, सेंटरव्हिलजवळ होती. ती १९७१ साली बंद झाली. वेस्ट व्हर्जिनियाचे स्मिथ मॅकॉय, व्हर्जिनियाचे नॉर्मन फील्ड्स यांच्यासारख्या लोकांनी या तट्टांतली सर्वांत लहान निवडून त्यांची पैदास केली. तिकडे अर्जेंटिनात न्यूटॉल आणि त्यांचे जावई फालाबेला यांच्या घराण्याने आपली वेगळी लहान जात घडवली. असोसिएशन निघाली ती १९७८ साली.

म्हणजे ज्या कामासाठी हा घोडा लहान केला ते काम संपलं, तरी लहान करणं थांबलं नाही. खाणीत ठेंगणेपणाला कारण होतं. कोळशाने भरलेली गाडी ओढायची म्हणजे पाय सरळ, छाती रुंद आणि फुप्फुसं धड असावीच लागत. अंगणात तशी अट राहिली नाही. तिथे आणखी लहान म्हणजे आणखी महाग, एवढाच हिशेब उरला. मिझुरीत जन्मलेली थंबेलिना ही साडेसतरा इंचांची घोडी २००६ साली गिनेसच्या पुस्तकात गेली. जगभर तिचे फोटो छापून आले. ती मिनींमधलीही खुजी होती, जन्मजात दोष घेऊन आलेली, आणि पाय सरळ राहावेत म्हणून तिला आधारपट्ट्या बांधाव्या लागत. तिच्या धन्यांनी तिला जिवापाड सांभाळलं, आजारी मुलांना भेटायला नेलं. मात्र तिचा फोटो पाहून ज्यांनी तसंच शिंगरू मागितलं, त्यांनी काय मागितलं हे त्यांना कळलं नव्हतं. हा खुजेपणा ॲग्रेकन या प्रथिनाच्या जनुकातल्या बिघाडांतून येतो. आई-बाप दोघंही दिसायला धडधाकट असतात. दोघांकडून बिघडलेली प्रत आली की शिंगराचा जबडा वाकडा, सांधे सैल, पाय फेंगडे. काही प्रकारांत तर ते गर्भातच दगावतं. आज याची चाचणी होते, केसांच्या मुळांवरूनही होते. ती न करता मिनींची पैदास करणाऱ्याकडून घोडा घेऊ नका, असं लेखिकेने स्पष्ट लिहिलं आहे. मी आणखी पुढे जाऊन म्हणेन, की ‘हा सर्वांत छोटा आहे’ हे ज्याच्या जाहिरातीतलं पहिलं वाक्य असेल, त्याच्या दारातही जाऊ नका.

पुस्तकाचा गाभा चौथ्या आणि पाचव्या प्रकरणात आहे. चौथं खाण्याबद्दल, पाचवं न खाण्याबद्दल.

घोड्याचं पोट शरीराच्या मानाने लहान आणि त्यात आम्ल सतत पाझरत असतं. म्हणून निसर्गात तो दिवसरात्र थोडं थोडं चरतो. मिनीलाही हेच लागतं, पण त्याचं शरीर शेटलँडच्या ओसाड माळासाठी घडलेलं आणि ठेवतात त्याला खत घातलेल्या हिरव्यागार हिरवळीवर. वसंतातल्या कोवळ्या गवतात साखर भरपूर असते. ९० किलोंच्या घोड्याला दिवसाला दीड किलोच्या आगेमागे सुकं गवत पुरतं, कारण वजनाच्या दीड ते दोन टक्के हा ढोबळ हिशेब आहे. एका एकराच्या हिरवळीवर मोकळा सोडलेला मिनी त्याहून बरंच जास्त खातो. मग चरबी साठते, इन्शुलिनचं तंत्र बिघडतं आणि एके दिवशी तो पुढचे पाय पुढे टाकून, मागे रेलून उभा राहतो. खुरात आग पडलेली असते. आतलं हाड खुराच्या भिंतीला ज्या नाजूक पडद्यांनी जखडलेलं असतं, तेच सुजून सुटू लागतात. गुळाच्या खड्याचा रस्ता तिथपर्यंत जातो.

यावर उपाय म्हणून अमेरिकेत चरताना तोंडाला जाळी बांधतात. मळणीच्या बैलाला आपण मुसकी बांधायचो, तीच ही वस्तू. फक्त तळाला एक भोक असतं, त्यातून गवताची थोडी थोडी पाती ओढता येतात. बघणाऱ्याला ते निर्दय वाटतं. शेजारीपाजारी विचारतात, बिचाऱ्याचं तोंड का बांधलंय? माझ्याकडच्या दोन मिनींना उन्हाळाभर मुसकी असते आणि त्यांना माळावर हिंडता येतं ते तिच्यामुळेच. नाहीतर त्यांना मातीच्या आवारात कोंडून ठेवावं लागलं असतं.

हिवाळ्यात आणखी एक गोष्ट शिकावी लागते. थंडी पडली की मिनीच्या अंगावर चार-चार बोटं दाट केस येतात आणि त्या केसांखाली काय चाललंय ते डोळ्यांना दिसत नाही. गुबगुबीत दिसणारा घोडा हाडकलेला असू शकतो. म्हणून रोज हात घालायचा. खांद्यामागे, बरगड्यांवर, बोटं केसांतून थेट कातडीपर्यंत न्यायची आणि हलक्या दाबाने मागे ओढायची. बरगड्या दिसू नयेत, पण बोटांना एकेक लागावी. माझ्याकडच्या तपकिरी घोड्याला हे आवडतं, तो वरचा ओठ लांबवून स्वस्थ उभा राहतो. पांढरीला अजिबात आवडत नाही, ती कान मागे टाकते. तरी दोघांनाही हात घालते. खरारा करताना हे काम आपोआप होतं, आणि खरारा रोज करायचा याचं अर्धं कारण तेच आहे.

आता न खाण्याबद्दल. मोठ्या घोड्याने एक दिवस खाल्लं नाही तर काळजी वाटते. मिनीने खाल्लं नाही तर गाडी काढायची. उपास घडला की त्याचं शरीर साठवलेली चरबी एकदम मोकळी करतं. ती रक्तात इतक्या वेगाने उतरते, की यकृताला ती आवरत नाही. लठ्ठ घोड्या, त्यातही गाभण असलेल्या, याला सर्वांत आधी बळी पडतात. आमच्या ओळखीतल्या एका घरी अशी घोडी होती. सकाळी गवत तसंच राहिलं, दुपारी तसंच, संध्याकाळी फोन झाला. लेखिका तिथे पोचल्या, मीही गेले होते. त्यांनी मानेच्या शिरेतून रक्त घेतलं, नळी उभी ठेवली आणि थोड्या वेळाने दिव्यासमोर धरली. लाल भाग खाली बसला होता. वरचा द्रव पिवळसर, आरपार दिसणारा असायला हवा; तो पाणी घातलेल्या दुधासारखा गढूळ होता. त्यांनी घरच्यांना तो दाखवला आणि एवढंच म्हणाल्या, ‘हे सगळं तूप आहे.’ मग रात्रभर नळीतून पातळ खाद्य, साखरेचं सलाइन. घोडी वाचली, कारण फोन त्याच दिवशी आला. पाचव्या प्रकरणाच्या पहिल्या पानावर न खाणाऱ्या मिनीबद्दलचा इशारा ठळक अक्षरांत आहे, तो त्या रात्रीमुळे तसा छापलाय असं मला वाटतं.

दातांचं प्रकरण कोरडं वाटेल, पण चाळून सोडू नका. जबडा लहान झाला, दात त्या प्रमाणात लहान झाले नाहीत आणि संख्या तर कमी झालीच नाही. दाटीवाटीने उगवलेले दात गवत नीट दळत नाहीत, न दळलेलं गवत आतड्यात गोळा होऊन अडकतं आणि पोटशूळ उठतो. घोड्याला उलटी करता येत नाही, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी इथे ध्यानात घ्यावं. जंतांच्या औषधाचंही तसंच. ते पिचकारीत मिळतं आणि तिच्यावरच्या खुणा मोठ्या घोड्याला समोर ठेवून केलेल्या असतात. अंदाजाने दिलं तर मात्रा सहज दुप्पट होते. मॉक्सिडेक्टिनसारख्या औषधाबाबत तो अंदाज जिवावर बेतू शकतो, म्हणून छातीचा घेर मोजून वजन काढायची फीत घरात असावी. खूर सहा ते आठ आठवड्यांनी तासून घ्यावे लागतात. मिनीसाठी गुडघे टेकून काम करायला तयार असलेला नालबंद आणि घोडा जाणणारा डॉक्टर हे दोघं घोडा आणण्याआधी शोधून ठेवायचे. तहान लागल्यावर विहीर खणायची सोय या प्राण्याच्या बाबतीत नाही.

एकटा घोडा पाळू नये, हे लेखिकेचं मत आहे आणि त्यावर त्यांच्याशी वाद घालणारे बरेच भेटतात. ‘आम्ही आहोत ना त्याला, दिवसभर मुलं असतात.’ मुलं शाळेत जातात. रात्री सगळे घरात झोपतात. घोडा उभ्याउभ्या डुलकी घेतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावं लागतं, आणि आडवं व्हायला कुणीतरी पहाऱ्याला जागं आहे हा भरवसा लागतो. तो भरवसा त्याला दुसऱ्या घोड्यामुळे मिळतो. म्हणून आणायचे तर दोन. मला विचाराल, तर शिंगरं आणूच नयेत. दहा-बारा वर्षांचे, खच्ची केलेले, एकमेकांच्या सवयीचे दोन घोडे घ्यावेत. असे कितीतरी घोडे कुणाची तरी मुलं मोठी झाली म्हणून नव्या घराची वाट बघत असतात. शिंगरू आणलं की ते पुढचे पाय माणसाच्या छातीवर टेकतं, सगळे हसतात, फोटो काढतात; दोन वर्षांनी ९० किलोंचा घोडा तेच करतो आणि मग त्याला दोष देतात. कुत्र्याच्या पिल्लाला चालणारे लाड इथे चालत नाहीत. हातातून खाऊ घेण्याची सवय लागलेला घोडा हात रिकामा असला की चावतो. आजींनी गाजराचा तुकडा जरूर द्यावा, पण घमेल्यात टाकून.

या घोड्यांनी माणसासाठी काय करून दाखवलं त्याचं प्रकरण वाचताना मला अभिमान वाटला आणि थोडी बेचैनीही. जॅनेट आणि डॉन बर्लसन या जोडप्याने १९९९ साली नॉर्थ कॅरोलायनात गाइड हॉर्स फाउंडेशन सुरू केली. अंध माणसाला वाट दाखवायला कुत्र्याऐवजी मिनी. त्यांनी तयार केलेली कडल्स मेन राज्यातल्या डॅन शॉ यांच्याकडे गेली. न्यूयॉर्क राज्यातल्या ॲन एडी यांची पांडा ही घोडी अलेक्झांड्रा कर्लंड यांनी शिकवून तयार केली. युक्तिवाद बिनतोड आहे. कुत्रा आठ-दहा वर्षं काम करतो, मिनी पंचवीस-तीस वर्षं जगतो. घोड्याच्या डोळ्यांना जवळजवळ सगळ्या बाजूंचं दिसतं. काहींना कुत्र्याची ॲलर्जी असते, काहींना भीती. इंग्लंडमधले अंध पत्रकार मोहम्मद सलीम पटेल यांना कुत्र्यांची धास्ती होती, म्हणून त्यांच्यासाठी डिग्बी नावाचा मिनी शिकवायला घेतला गेला. अमेरिकेच्या अपंगांसाठीच्या कायद्याच्या नियमांत २०११पासून मिनिएचर घोड्यांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. दुकानात, कचेरीत त्याला येऊ द्यायचं की नाही हे ठरवताना चार गोष्टी बघतात : बाहेर जाऊन शौच करायची शिस्त आहे का, तो धन्याच्या ताब्यात आहे का, जागेत मावतो का, इतरांच्या सुरक्षिततेला बाध येतो का. विमानांत मात्र २०२१च्या जानेवारीपासून सेवा-प्राणी म्हणजे फक्त कुत्रा, अशी व्याख्या झाली.

बेचैनी कशाची, तर घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. रहदारीत, सरकत्या जिन्यांच्या शेजारी, गुळगुळीत फरशीवर पायांत लहान बूट घालून तो शांतपणे उभा राहतो. हे शिकवणाऱ्याचं कौशल्य आणि घोड्याचा विश्वास. पण दिवसभर माणसांत काढून तो रात्री दुसऱ्या घोड्याशेजारी जातो का, त्याला मोकळं लोळायला मिळतं का, हे विचारल्याशिवाय मला त्या चित्राचं कौतुक करता येत नाही. पांडाच्या धनिणीने तिच्यासाठी अंगणात मोकळी जागा ठेवली होती आणि तिच्या खाण्या-फिरण्याचं वेळापत्रक सांभाळलं होतं, म्हणून ती जोडी मला आदर्श वाटते. इस्पितळांत, वृद्धाश्रमांत मिनींना घेऊन जाणाऱ्या संस्थांबद्दलही लेखिका हाच निकष लावतात.

कुंपणाबद्दल एक सांगते, कारण या एका गोष्टीने बरेच मिनी जातात. मोठ्या घोड्यासाठी उभारलेल्या कुंपणात खालची फळी जमिनीपासून हातभर वर असते. मिनी त्याखालून बाहेर जातो. त्याहून वाईट म्हणजे कुत्री आत येतात. दोन-तीन मोकाट कुत्री एकत्र आली की मोठा घोडा लाथेने त्यांना हाकलतो, मिनीला ते जमत नाही. बारीक भोकांची विणलेली जाळी, थेट जमिनीपर्यंत, आणि रात्री बंद होणारा गोठा. यात काटकसर करू नये.

महाराष्ट्रातल्या वाचकालाही हे पुस्तक उपयोगी पडेल, जरी ते त्याच्यासाठी लिहिलेलं नाही. आपल्याकडे लहान घोड्याची ओळख जुनीच आहे. धनगरांच्या वाड्याबरोबर चालणारं भीमथडी तट्टू मिनीएवढं लहान नसतं, पण मोठंही नाही. त्याच्या पाठीवर अख्खं बिऱ्हाड असतं, बिऱ्हाडावर नुकती जन्मलेली कोकरं आणि एखादी कोंबडी. ते तट्टू वर्षातले कितीतरी महिने रोज चालतं, मिळेल ते खातं आणि त्याच्या खुरांना चरबीचा रोग क्वचितच माहीत असतो. फार्महाउसच्या हिरवळीवर शोभेला आणलेल्या छोट्या घोड्याची गाठ या तट्टाशी घालून बघावी, म्हणजे त्याला काय मिळत नाहीये ते कळेल. मिनीच्या पाठीवर फार तर अगदी लहान मूल बसू शकेल. पण मिनी हलकी गाडी छान ओढतो, आणि दोरी धरून रोज मैल-दोन मैल चालवलं तरी त्याचं भलं होतं. आपल्या उन्हाळ्यात सावली, सतत ताजं पाणी आणि मिठाचा खडा हवा. ग्लँडर्स आणि सर्रा हे आजार इथे आहेत. ग्लँडर्स माणसालाही होतो. तेव्हा बाजारातून घोडा आणताना रक्ताची तपासणी टाळू नये. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राचं काम याच क्षेत्रातलं आहे.

उरलं शेवटचं प्रकरण, म्हातारपणाचं. नीट राखलेला मिनी तीस वर्षांच्या पुढेही जातो. आठ वर्षांच्या मुलीसाठी आणलेला घोडा ती चाळिशीकडे झुकते तेव्हाही दारात असतो. दात गेलेला, भिजवलेल्या खाद्याच्या गोळ्यांची पेज दिवसातून चार वेळा लागणारा. मुलगी तोवर दुसऱ्या राज्यात असते आणि घमेलं उचलणारे आई-वडील सत्तरीत. लेखिकेने इथे कुणाची भीड ठेवलेली नाही : आपल्यामागे घोडा कुणाकडे जाईल हे त्या माणसाला विचारून मृत्युपत्रात लिहा, महिन्याचा खर्च काढून ठेवा, त्याला शांतपणे निरोप द्यायची वेळ कशावरून ओळखायची ते डॉक्टरांशी आधी बोला, आणि पुरायला आपल्या गावात परवानगी आहे का ते विचारून ठेवा. पुस्तक हातात घेणाऱ्याने हे प्रकरण सर्वांत आधी वाचावं. घोडा बघायला जायचं की नाही, ते त्यानंतर ठरवावं.